पुण्याचा प्लेग: कादंबरी खरी मानायची की अहवाल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय समजून उत्तर देतेय ते तुम्हाला कळेल. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगवरची एक कादंबरी तुम्ही वाचलीत. त्यात गोरा सोजीर बुटांसकट माजघरात शिरतो, ओल्या बाळंतिणीला दंडाला धरून अंगणात आणतो, आणि तो प्रसंग तुमच्या मनातून जात नाही. मग एम.ए.च्या टिपणासाठी इतिहासाचं पुस्तक उघडलंत, तर तिथे प्लेग समितीच्या अहवालाचा दाखला: स्त्रीच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आमच्याकडे आली नाही. तुम्ही विचारताय, आपल्याला कादंबरीकाराने फसवलं की अहवालाने? आणि अशा दोन लेखनांची तुलना करायची तरी कशी?

मी वीसेक वर्षं प्लेगच्या काळातले कागद वाचतेय. समित्यांचे अहवाल, वर्तमानपत्रं, जुनी घरगुती पत्रं, असं बरंच काही. शिवाय प्रकाशक अधूनमधून ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासायला पाठवतात, तीही वाचते. अहवालातलं ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही तुमच्यासारखीच अस्वस्थ झाले होते. लहानपणापासून ऐकलेलं सगळं एका वाक्यात पुसलं गेल्यासारखं वाटलं होतं. म्हणून आधी एवढंच सांगते, की दोघांपैकी एकाला खोटं ठरवून टिपण सुरू केलंत तर ते दुसऱ्या पानावर अडकेल. कोण खोटं बोलतंय हे विचारण्याआधी प्रत्येकाला विचारायला हवं, की तुला हे कळलं कुठून? आणि जे तुझ्यापर्यंत आलं नाही, ते का आलं नाही?

तुम्ही कादंबरीचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. ती घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, लेखकाने प्रस्तावनेत कल्पनेची किती कबुली दिली, हे पाहा. टिपण साहित्य विभागासाठी आहे की इतिहास विभागासाठी, यावरही बरंच ठरेल. साहित्याच्या विद्यार्थ्याने कादंबरीला पुराव्याच्या तराजूत घालून मोडीत काढणं चूक, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिला पुरावा मानणंही चूक.

आधी ज्या गोष्टींवर वाद नाही त्या पाहू. मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. लोक मिळेल त्या गाडीने मुंबई सोडू लागले आणि रोग पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा, आणि त्याचं चौथं कलम असं की त्याखाली सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही. त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी पुण्यात आला, तोच प्लेग समितीचा प्रमुख. १३ मार्च ते १९ मे या काळात सैनिकांकरवी घरोघर झडत्या झाल्या. रोगी रुग्णालयात, घरची माणसं सेग्रिगेशन कॅम्पात (वेगळं ठेवायच्या छावणीत), सामान जाळलेलं, जमिनी उकरलेल्या, भिंतींना चुना, कौलं उतरवून घरात ऊन घेतलेलं. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाहून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला.

आता अहवालातलं ते वाक्य घ्या. रँडच्या लेखणीतून उतरलेलं आहे. मी ते विद्यार्थ्यांना शब्द शब्द सोडवून वाचायला लावते. अत्याचार झाला नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. *तक्रार* आली नाही, एवढंच म्हटलंय. तीही *विश्वासार्ह* तक्रार. विश्वासार्ह कोणती हे ठरवणार समितीच. अब्रूला धक्का तोही *हेतुपुरस्सर*. म्हणजे बगलेत किंवा जांघेत गाठ आहे का हे पाहण्यासाठी परपुरुषाने उघड्यावर केलेली तपासणी त्यात मोडतच नाही, कारण तिचा हेतू वैद्यकीय. आणि तक्रार *समितीकडे, किंवा ज्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली सैनिक काम करत होते त्यांच्याकडे*. ज्याच्या माणसांनी घर उकरलं त्याच्याकडेच जाऊन, घरातल्या बाईचं नाव घेऊन, तिच्यासमक्ष तक्रार सांगायची. १८९७ मधल्या पेठेतल्या एखाद्या घराने हे केलं असतं का, याचा क्षणभर विचार करा.

म्हणजे वाक्य खोटं नाही. कदाचित अक्षरशः खरंही असेल. पण त्याच्यावरून जे अनुमान काढलं जातं ते मात्र वाक्यात नाही. सरकारी अहवाल वाचताना माझा हाच अनुभव आहे. त्यात धादांत खोटं क्वचित सापडतं. कोणती गोष्ट मोजायची आणि कोणती मोजण्याजोगी धरायचीच नाही, हे मात्र लिहिण्याआधीच ठरलेलं असतं.

तक्रारी अजिबात नव्हत्या असंही नाही. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये स्वतःच्या नावाने पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयात बायकांची काय अवस्था आहे ते जाहीर मांडलं. सरकारने ते ग्राह्य धरलं नाही. पुण्यातल्या प्रतिष्ठित सरदार नातू बंधूंनी झडत्यांबद्दल गाऱ्हाणी घातली होती. रँडच्या खुनानंतर त्यांना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, अटकेत ठेवलं.

आणि आता गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट. टिपणात बाकी काही आलं नाही तरी चालेल, पण ही आली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गोखले त्या वेळी भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याहून विश्वासातल्या माणसांची पत्रं येत होती. त्यांच्या आधारावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितलं, की सैनिकांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला. मोठी खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला. गोखले जुलैच्या शेवटी मुंबईला परतले. तोवर रँडचा खून झाला होता, टिळकांना अटक झाली होती, नातू बंधू आत गेले होते. गोखल्यांनी पत्र लिहिणाऱ्यांकडे पुरावा मागितला. नाव द्यायला कोणीही तयार झालं नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी गव्हर्नरची, समितीची आणि सैनिकांची बिनशर्त जाहीर माफी मागितली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती माफी त्यांच्या तोंडावर फेकली जात राहिली, आणि ती फेकणारे आपलेच लोक होते.

गोखल्यांनी जे केलं तो नॉनफिक्शनचा धर्म आहे. सिद्ध करता येत नसेल तर म्हणायचं नाही, म्हटलं असेल तर मागे घ्यायचं, त्याची किंमत मोजायची. मला त्यांच्याबद्दल याच कारणासाठी आदर वाटतो. पण त्या माफीने नेमकं काय सिद्ध झालं? साक्षीदार पुढे आले नाहीत, एवढंच. त्या दोन बायका होत्या की नव्हत्या, हे त्या माफीतून कळत नाही. इतिहासकार आजही एवढंच लिहू शकतो: आरोप झाला, पुरावा मिळाला नाही, आरोप मागे घेतला गेला, आणि पुरावा का मिळाला नसेल याची ही अशी कारणं दिसतात. यापुढे त्याच्या पायाखाली जमीन नाही.

तुमच्या कादंबरीतली ती बाळंतीण नेमकी इथे उभी आहे. जिथे इतिहासकाराला थांबावं लागतं तिथून कादंबरीकार आत शिरतो. ज्या घराने नाव दिलं नाही त्या घराचं दार उघडतो आणि आत काय झालं असेल ते दाखवतो. ‘झालं असेल’ हा त्याचा हक्क आहे. त्याने ती बाई कल्पनेतून उभी केली म्हणून तो खोटारडा ठरत नाही. मात्र कल्पना करताना त्याने त्या काळाशी इमान राखलं की नाही हे आपण तपासू शकतो, आणि तुलनेचं खरं काम तिथे सुरू होतं.

हे इमान कुठे सुटतं, ते हस्तलिखितं वाचताना फार वेळा दिसतं. एका मसुद्यात फेब्रुवारी १८९७ मध्ये एक तरुण डॉक्टर आपल्या बायकोला समजावतो, की उंदरांवरच्या पिसवांमुळे हा रोग माणसाला होतो. पॉल-लुई सिमाँने पिसवेचा दुवा कराचीत दाखवला तो १८९८ साली, आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. लेखकाला ही चूक किरकोळ वाटत होती. मला ती मुळाशी घाव घालणारी वाटली. कारण त्या वेळी कोणालाच, रँडला नाही, डॉक्टरांना नाही, लोकांना नाही, हा रोग कसा पसरतो ते ठाऊक नव्हतं. जमिनी उकरणं, चुना मारणं, कौलं काढणं हे सगळं त्या अंधारातून आलेलं होतं. रोग मातीत आहे, दमट अंधारात आहे, असा समज होता. घरातल्या एका पात्राला उत्तर माहीत आहे असं केलं, की बाकीचे सगळे आपोआप मूर्ख किंवा दुष्ट ठरतात आणि त्या काळाची खरी भीती नाहीशी होते. लोकांना माहीत होतं ते एवढंच, की उंदीर पडायला लागले की घर सोडायचं. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द आपल्या आज्यांच्या बोलण्यात कितीतरी वर्षं राहिले. चांगला कादंबरीकार त्या दोन शब्दांवर अख्खं प्रकरण उभं करेल आणि पिसवेचं नावही घेणार नाही.

दुसरी एक चूक तारखेची. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा केली, त्यातच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. झडत्या सुरू झाल्या १३ मार्चला. सोजिरांसमोर उभ्या ठाकलेल्या सावित्रीबाई असा प्रसंग मी एका संहितेत वाचला. प्रसंग जोरकस होता, पण तो काढायला सांगावा लागला. नुसत्या तारखेसाठी नाही. त्या एका प्रसंगापायी त्यांचं खरं काम, म्हणजे सरकारी यंत्रणेचा जोर सुरू होण्याआधीच माणसं उचलून उपचाराला आणणं, झाकलं जात होतं. विरोधाचं नाट्य मिळवताना सेवा हरवत होती.

पण उलट बाजूही सांगते, नाहीतर कादंबरीकारांवर अन्याय होईल. अहवालातले आकडेदेखील कादंबरीशिवाय नीट वाचता येत नाहीत असं माझं मत आहे. पटायला थोडं जड आहे, म्हणून उलगडून सांगते. प्लेगच्या रोग्यांचा आणि मृत्यूंचा आकडा आला कुठून? सापडलेल्या रोग्यांवरून. रोगी सापडला की घराचं काय होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणून लोक रोगी लपवत, रातोरात गावाला पाठवत, मरणाचं कारण दुसरंच सांगत. झडतीची भीती जितकी जास्त, तितका आकडा कच्चा. ती भीती घरात कशी वावरत होती, पाहुण्यांनाही तापाचा उल्लेख कसा केला जात नसे, पोराच्या काखेत गाठ दिसल्यावर आईने सगळ्यांत आधी दार का लावलं असेल, हे तक्त्यात मावत नाही. कथेत मावतं. आणि ते कळल्यावर तक्त्याकडे पाहायची नजर बदलते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. १६६५ मध्ये लंडनच्या प्लेगात रोगी सापडलेलं घर माणसांसकट बंद करून दारावर लाल फुली मारत. तिथेही लोक मृत्यूचं कारण लपवत. त्यामुळे दर आठवड्याच्या मृत्युपत्रकांत त्या वर्षी प्लेगचे ६८,५९६ मृत्यू नोंदले गेले असले, तरी खरा आकडा लाखाच्या आसपास असावा असं आज मानतात. त्याच साथीवर डॅनिएल डिफोने १७२२ मध्ये एक पुस्तक लिहिलं, शहरात राहिलेल्या एका नागरिकाची आठवण म्हणून. खरी मृत्युपत्रकं, खरे आदेश, खरे रस्ते, सगळं त्यात होतं. अनेकांनी ते खरं कथन समजून वाचलं. साथीच्या वेळी डिफो असेल जेमतेम पाच वर्षांचा.

याउलट सॅम्युएल पेप्स. तो खरोखर लंडनात होता आणि रोज डायरी लिहीत होता. १६६५ च्या अखेरच्या दिवशी त्याने लिहिलं, की या प्लेगच्या काळात आपण जितके आनंदात राहिलो तितके कधीच राहिलो नाही, आणि इतकी कमाईही कधी केली नव्हती. कोणत्याही कादंबरीकाराने हे वाक्य पात्राच्या तोंडी घातलं असतं तर संपादकाने काढायला लावलं असतं. मीही कदाचित लावलं असतं. आपत्तीत माणसाने कसं वागावं याची जी कल्पना आपल्या मनात असते तिच्याशी कादंबरी नकळत जुळवून घेते. खऱ्या साक्षीदाराला ते बंधन नसतं. म्हणून मी नेहमी म्हणते, की विचित्र, न जुळणाऱ्या, अवघडल्यासारखं करणाऱ्या तपशिलासाठी डायऱ्या आणि पत्रं वाचा. असा तपशील कादंबरीत दिसला, तर लेखकाने खूप वाचलंय हे ओळखा.

पुण्याकडे परत येऊ. कादंबरीला चेहरा लागतो. तिला एक खलनायक लागतो, एक घर लागतं, एक शेवट लागतो. या तिन्ही गरजांचा आपत्तीच्या चित्रावर परिणाम होतो. खलनायक म्हणजे रँड. तो कठोर होता यात शंका नाही. पण सगळं त्याच्या स्वभावावर टाकलं की चार कलमांचा कायदा नजरेआड होतो. माणूस मेला तरी तो कायदा राहिला आणि २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा वापरलाही गेला. शोधपथकांबरोबर स्थानिक गृहस्थही दिलेले होते. ते कोण होते, का गेले, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नंतर त्यांच्याशी कसा व्यवहार ठेवला, हा मला फार मोठा कथाविषय वाटतो. सगळे सोजीर राक्षस असलेल्या कादंबरीत त्यांना जागाच उरत नाही.

घराचं म्हणाल तर मी वाचलेल्या बहुतेक लेखनात ते घर म्हणजे पेठेतला वाडा. सोवळं-ओवळं, देवघर, माजघर. बुटांनी स्वयंपाकघर विटाळलं, ही व्यथा खरीच होती, आणि ती अहवालात नाही. ‘निर्जंतुक केले’ या दोन शब्दांत अहवाल ती उरकतो. तिथे कथेने मोठं काम केलं आहे. पण जमिनी उकरणारे, चुना मारणारे, रुग्णालयातली घाण काढणारे, प्रेतं वाहणारे हात कोणाचे होते? त्यांच्या वस्तीत झडती झाली तेव्हा त्यांच्या बायकांचं काय झालं? वाड्याच्या कादंबरीत ते दारापर्यंत येतात आणि परत जातात. अहवालात ती खर्चाच्या बाजूची मजुरी असते. म्हणजे अहवालाने बाई ऐकली नाही, आणि कादंबरीने बाई ऐकली पण सफाईवाली ऐकली नाही. तुमच्या टिपणाचा कणा मी विचाराल तर इथे आहे. दोन्ही लेखनांतून गायब असलेलं माणूस कोण, ते शोधा.

शेवटाबद्दल. आपल्याकडच्या प्लेगकथा बहुधा गणेशखिंडीत संपतात, किंवा चापेकर बंधूंच्या फाशीशी. १९७९ मध्ये नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी केलेल्या चित्रपटाचं नावच ‘२२ जून १८९७’. त्याबद्दल तक्रार नाही, कारण नावच सांगतं की विषय कटाचा आहे. पण वाचकाच्या मनात प्लेग त्या रात्री संपतो. प्रत्यक्षात मे अखेरीस ती लाट आधीच ओसरली होती, आणि पुढच्या लाटा यायच्या होत्या. देशभर माणसं पुढे वीस वर्षं मरत राहिली. सर्वांत भीषण वर्ष १९०७. त्या एका वर्षात तेरा लाखांच्या आसपास मृत्यू, त्यांतले निम्म्याच्या जवळपास पंजाबात. त्यावर मराठीत कोण लिहिणार? त्यात गोळी नाही, जल्लोष नाही, खटला नाही. गोष्टीला शेवट हवा असतो आणि आपत्तीला तो नसतो, म्हणून तिथे तक्ते, जनगणना आणि आरोग्य खात्याचे रूक्ष वार्षिक अहवाल हाच आधार राहतो. मला ते रूक्ष अहवाल फार प्रिय आहेत. जिथे कोणी गोष्ट लिहिली नाही तिथल्या मेलेल्यांची निदान मोजदाद तरी त्यांनी ठेवली.

आत्मकथनांबद्दल थोडक्यात. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त उपलब्ध आहे, ते जरूर वाचा. पण ‘नॉनफिक्शन म्हणजे खरं’ असं समजून वाचू नका. त्यात इंग्रजांइतकाच राग सुधारकांवरही आहे, आणि प्लेगच्या आधीपासूनचा आहे. प्लेगमुळे संतापून उठलेला तरुण ही सोपी रेषा खुद्द त्यांच्याच लेखनात टिकत नाही. वर्तमानपत्रांचंही तसंच. टिळक झडत्यांवर कडाडून टीका करत होते, पण शहरात राहून हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालयही चालवत होते आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना बोल लावत होते. एका वाक्यात बसणारे टिळक तुम्हाला कुठे भेटले, तर ते पुस्तक जरा जपून वापरा.

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं. अख्खी कादंबरी आणि अख्खा इतिहास समोरासमोर ठेवू नका, हाती काही लागणार नाही. एकच प्रसंग निवडा. तुमच्या बाबतीत तो ठरलेलाच आहे, झडतीचा. कादंबरीतली ती पानं आणि अहवालातला झडतीचा भाग शेजारी ठेवा. आधी क्रियापदं पाहा. अहवालात ‘तपासणी करण्यात आली’, ‘हलवण्यात आले’ असे कर्ता नसलेले प्रयोग दिसतील. कादंबरीत प्रत्येक कृतीला हात असतो. मग वेळ मोजा. कादंबरीत पाच मिनिटांना बारा पानं मिळतात, अहवालात दोन महिन्यांना एक परिच्छेद. मग कोण कोणाला पाहतंय ते पाहा, दारातून आत पाहणारा की आतून दाराकडे पाहणारी. एवढं झालं की कादंबरीतला प्रत्येक तपशील तीन रंगांनी खूण करा: कागदात सापडतो तो, कागदात नाही पण त्या काळात शक्य होता तो, आणि त्या काळात शक्यच नव्हता तो. अहवालालाही हेच करा. पाहिलेलं, ऐकलेलं, आणि समितीच्या समाधानासाठी म्हटलेलं. मी स्वतः अजूनही पेन्सिली घेऊन असंच बसते. मधला रंग नेहमी सर्वांत जास्त निघतो, आणि लिहिण्यासारखं बहुतेक सगळं त्यातच असतं.

बाळंतिणीच्या प्रसंगाला तुम्ही कोणता रंग द्याल? मी मधला देईन. तो घडल्याचा कागद नाही. तो घडू शकला असता याचे कागद भरपूर आहेत, कायद्याच्या चौथ्या कलमापासून रमाबाईंच्या पत्रापर्यंत. टिपणात हे असंच लिहा, ‘घडलं’ असं नको आणि ‘घडलं नाही’ असंही नको. मार्गदर्शक जास्त ठाम वाक्य मागतील, तर त्यांना गोखल्यांची माफी दाखवा.

कादंबरीचं नाव कळवलंत तर झडतीचं प्रकरण मी पुन्हा काढून वाचेन. तोवर अहवालातला तो परिच्छेद तुम्ही स्वतः उतरवून काढा, हाताने, पूर्ण. नुसतं वाचताना जे शब्द निसटतात ते उतरवताना अडतात.